निकेल विषारी आहे? आधी संयुग कोणते ते सांगा

दोन बरण्या समोर ठेवा. एकीत निकेल ऑक्साइडची हिरवी पूड, दुसरीत निकेल सल्फेटचे निळसर हिरवे खडे. पहिल्या बरणीतल्या मालात वजनाने सुमारे ७९ टक्के निकेल आहे, दुसरीतल्या खड्यांत जेमतेम २२ टक्के. चुकून पोटात गेले तर जास्त घातक काय? निकेल विषारी असतो एवढेच ज्याने ऐकले आहे, तो पहिल्या बरणीकडे बोट दाखवील. प्रयोगशाळेतले उंदीर मात्र दुसऱ्या बरणीने मरतात. शरीराच्या किलोमागे सुमारे ३६० मिलिग्रॅम सल्फेट दिले की निम्मे उंदीर दगावतात. हिरवे ऑक्साइड किलोमागे ११ हजार मिलिग्रॅम दिले तरी निम्मेसुद्धा मरत नाहीत.

म्हणजे बरणीत निकेल किती आहे यावर विषारीपणा ठरत नाही. त्यातला किती निकेल सुटा होऊन शरीराला भिडतो, यावर तो ठरतो. ऐकायला हे सोपे वाटते. पण पिंपावर कोणते चिन्ह छापायचे हे ठरवताना याच सोप्या गोष्टीने तज्ज्ञांची कसोटी पाहिली आणि वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला.

हा विषय फक्त तज्ज्ञांपुरता नाही. नळाच्या तोटीवरच्या क्रोमच्या चकाकीखाली बहुधा निकेलचा थर असतो. वनस्पती तूप घट्ट करताना तेलात हायड्रोजन मिसळायला निकेलचा उत्प्रेरक वापरतात. रिचार्ज होणाऱ्या कित्येक बॅटऱ्यांत निकेल आहे. पुणे, नाशिक, मुंबई-ठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या प्लेटिंगच्या छोट्या शेडमध्ये तर निकेल सल्फेटच्या गोण्या रोजच्या हाताळणीतल्या. त्या गोणीवरचे चिन्ह कुणी, कशाच्या आधारे ठरवले, हे ती उचलणाऱ्याला कळायला हवे.

मोजपट्टी आणि तिच्यावरच्या रेघा

एकच रसायन एका देशात ‘विषारी’, दुसऱ्यात ‘अपायकारक’ आणि तिसऱ्यात बिनलेबलाचे, असा गोंधळ जगभर होता. १९९२ च्या रिओ परिषदेत तो मिटवायचे ठरले आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी रसायनांच्या वर्गीकरणाची व लेबलांची जागतिक पद्धत प्रसिद्ध केली. जीएचएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. युरोपीय संघाने २००८ च्या सीएलपी कायद्याने ती स्वीकारली.

या पद्धतीत धोक्यांचे अनेक प्रकार आहेत: कर्करोग, ॲलर्जी, डोळ्यांची इजा, पाण्यातल्या जिवांची हानी वगैरे. त्यातला एक प्रकार म्हणजे तीव्र विषाक्तता. एकदाच घेतलेली मात्रा, चोवीस तासांत थोडी थोडी घेतलेली मात्रा किंवा चार तास श्वासावाटे गेलेला पदार्थ, यांमुळे लगेच किंवा थोड्या दिवसांत होणारी गंभीर हानी एवढाच तिचा विषय. वीस वर्षांनी काय होईल हा प्रश्न ती विचारतच नाही.

मोजण्याचे एकक एलडी-५०. प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांचा जीव घेणारी, शरीराच्या किलोमागे मोजलेली ही मात्रा. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये औषधांची ताकद पडताळण्यासाठी ही कल्पना मांडली आणि पुढे ती विषांच्या मोजमापाचीच भाषा झाली. आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

तोंडावाटे जाणाऱ्या पदार्थांसाठी जीएचएसने या आकड्यांवर रेघा ओढल्या. किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत वर्ग १, ५० पर्यंत वर्ग २, ३०० पर्यंत वर्ग ३, २००० पर्यंत वर्ग ४. त्यापुढे ५००० पर्यंत वर्ग ५ आहे, पण युरोपने तो घेतलेला नाही. पहिल्या तीन वर्गांच्या लेबलावर कवटी आणि ‘डेंजर’ हा शब्द येतो. चौथ्यावर उद्गारचिन्ह आणि ‘वॉर्निंग’.

यातली ३०० ची रेघ लक्षात ठेवा. कवटी लागणार की उद्गारचिन्ह, हे तिथे ठरते, आणि निकेलचे बरेच विरघळणारे क्षार नेमके त्याच रेघेच्या आसपास घुटमळतात.

एका वेळी एक उंदीर

पूर्वी एलडी-५० काढायला प्राण्यांचे मोठाले गट लागत. ओईसीडी या संघटनेची ४०१ क्रमांकाची ती जुनी पद्धत २००२ मध्ये रद्द झाली. तिच्या जागी कमी प्राण्यांत भागणाऱ्या तीन पद्धती आल्या. निकेलच्या संयुगांसाठी वापरली गेली ती ४२५ क्रमांकाची, ‘वर-खाली’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत.

तिचे काम असे चालते. रात्रभर उपाशी ठेवलेल्या एका उंदराला, बहुधा मादीला, नळीने थेट जठरात मात्रा देतात. पदार्थाविषयी फारशी माहिती नसेल तर सुरुवात १७५ मिलिग्रॅमपासून. साधारण ४८ तास वाट पाहायची. तो जगला तर पुढच्या उंदराला वरच्या पायरीची मात्रा, मेला तर खालच्या पायरीची. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे ३.२ पट: १७.५, ५५, १७५, ५५०, १७५०. जगणे आणि मरणे पुरेशा वेळा आलटून पालटून आले की प्रयोग थांबतो आणि संख्याशास्त्राने मधला आकडा काढतात. वाचलेल्या प्राण्यांवर चौदा दिवस नजर ठेवतात. मोजक्या प्राण्यांत काम होते.

आता समजा, एका क्षाराच्या १७५ मिलिग्रॅमला उंदीर जगतो, ५५० ला मरतो, पुन्हा १७५ ला जगतो, पुन्हा ५५० ला मरतो. उत्तर या दोन पायऱ्यांच्या मधोमध, ३१० च्या आसपास येणार. प्रत्यक्षात १७५ आणि ५५० यांच्यामध्ये कोणत्याही उंदराला काही दिलेलेच नाही. खरा आकडा २५० असू शकतो, ४०० ही असू शकतो. ३०० ची रेघ बरोबर या धूसर पट्ट्यातून जाते. कागदावर ती सुरीने कापल्यासारखी दिसली, तरी मोजमाप तितके धारदार नाही, हे वर्गीकरण करणाऱ्याला कायम ध्यानात ठेवावे लागते.

निकेलची यादी

युरोपच्या रीच या रसायन-नोंदणी कायद्यामुळे निकेल उद्योगाला आपल्या संयुगांची नवी, एकसारखी चाचणी करून घ्यावी लागली. त्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच पद्धतीने तपासलेली संयुगे शेजारी शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. निकेल फ्लोराइड ३१०, निकेल सल्फेट सुमारे ३६०, निकेल क्लोराइड ५००, निकेल ॲसिटेट ५५०. हे सगळे पाण्यात विरघळणारे क्षार. दुसऱ्या टोकाला निकेल सबसल्फाइड आणि हिरवे निकेल ऑक्साइड ११ हजारांच्याही पलीकडे, म्हणजे मोजपट्टीच्या बाहेर. निकेल धातूची पूडही तोंडावाटे ९ हजारांच्या वरच.

विरघळणाऱ्या क्षारांचे आकडे वेगवेगळे दिसतात, पण त्यांतल्या निकेलचा हिशोब मांडला की ते जवळ येतात. सल्फेटच्या खड्यात निकेल २२.३ टक्के, म्हणजे ३६० मिलिग्रॅममध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम निकेल. क्लोराइडच्या खड्यात २४.७ टक्के, म्हणजे ५०० मध्ये सुमारे १२३. ॲसिटेटमध्ये २३.६ टक्के, म्हणजे ५५० मध्ये १३०. मारक मात्रा ८० ते १३० मिलिग्रॅम निकेलच्या टप्प्यात आहे, मग जोडीला सल्फेट असो की ॲसिटेट. विष निकेलच्या सुट्या आयनाचे आहे, त्याच्या जोडीदाराचे नाही, याचा हा चांगला पुरावा. जोडीदारच विषारी असेल, जसा फ्लोराइड, तर मात्र त्याचाही वाटा धरावा लागतो.

इथे एक बारकी खोच आहे. वरचे सल्फेट आणि क्लोराइडचे आकडे खड्यांचे आहेत, आणि खड्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सहा रेणू अडकलेले असतात. हे पाणी वजनात धरले जाते, विषात नाही. निर्जल सल्फेटचा हिशोब केला तर ३६२ चे २१३ होतात. क्लोराइडचे ५०० चे २७३. दोन्ही आकडे ३०० च्या रेघेखाली उतरले! म्हणजे खडे वर्ग ४ मध्ये, पण तोच क्षार सुकवून पाणी काढलेला वर्ग ३ मध्ये, कवटीसकट. माहितीपत्रकात नुसते ‘निकेल सल्फेट’ लिहिले असेल तर हा पहिला प्रश्न विचारायला हवा: खडे की निर्जल?

जठराची परीक्षा

निकेलची संयुगे शेकड्यांनी आहेत. प्रत्येकासाठी उंदीर मारत बसणे परवडणारे नाही आणि योग्यही नाही. म्हणून एका संयुगाची माहिती दुसऱ्याला लावायची रीत आहे. रसायने सारखी, वागणूक सारखी, तर वर्गही सारखा. प्रश्न उरतो तो ‘सारखे’ कशावरून ठरवायचे हा.

युरोपीय आयोगाने २००८-०९ मध्ये रसायनांच्या वर्गीकरणाविषयीच्या १९६७ च्या जुन्या निर्देशाची यादी सुधारताना शंभरहून अधिक निकेल संयुगांचे वर्गीकरण केले. गट पाडताना मुख्य आधार घेतला पाण्यातल्या विद्राव्यतेचा. निकेल उद्योगाची संघटना असलेल्या निकेल इन्स्टिट्यूटने याला आव्हान दिले. केवळ पाण्यात किती विरघळते यावरून सगळ्या प्रकारचे धोके एका संयुगावरून दुसऱ्याला चिकटवणे अशास्त्रीय आहे, असा तिचा मुद्दा. २१ जुलै २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. अशा गुंतागुंतीच्या तांत्रिक बाबतीत आयोगाला मोठा अधिकार आहे, त्याच्या पद्धतीत उघड चूक दिसत नाही, म्हणून वर्गीकरण वैध.

न्यायालयात उद्योग हरला, पण शास्त्राचा मूळ प्रश्न संपला नाही. कारण पोटात नुसते पाणी नसते. निकेल कार्बोनेट पाण्यात जवळपास विरघळत नाही, आम्लात मात्र सहज विरघळते, आणि जठरात आम्लच असते. मग विद्राव्यता पाण्यात मोजून तोंडावाटे होणाऱ्या विषबाधेचा अंदाज कसा बांधणार?

यावर उपाय सोपा निघाला. जठररसासारखे आम्ल काचेच्या भांड्यात घ्यायचे, पीएच दीडच्या आसपास, तापमान ३७ अंश. त्यात संयुग टाकून हलवायचे आणि ठरावीक वेळाने किती निकेल द्रवात उतरला ते मोजायचे. उंदरांवरच्या चाचण्या झालेली संयुगे आधी या भांड्यातून काढली, तेव्हा दोन्हींचा क्रम जुळला: ज्यांतून आम्लात निकेल भराभर सुटतो ती जहाल, ज्यांतून सुटत नाही ती सौम्य. एकदा हा दुवा पक्का झाला की चाचणी न झालेल्या संयुगाला भांड्यातल्या निकालावरून जवळच्या नातेवाइकाच्या शेजारी बसवता येते. एकही उंदीर न मारता. माझ्या मते निकेलच्या या सगळ्या खटाटोपातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि ती कोबाल्ट, तांबे यांसारख्या धातूंच्या संयुगांनाही लावून पाहता येते.

माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे

उंदराचा आकडा माणसाला जशाचा तसा लावता येत नाही. उंदराला उलटी होत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. माणसाला मात्र निकेलच्या क्षाराने जोरदार उलट्या होतात आणि बरेच विष बाहेर पडते. शिवाय चाचणीतला उंदीर उपाशी असतो. निकेलच्या बाबतीत याने केवढा फरक पडतो, ते माणसांवरच्या एका अभ्यासात दिसले. उपाशीपोटी पाण्यातून घेतलेल्या निकेल सल्फेटमधला सरासरी २७ टक्के निकेल रक्तात गेला. तोच अन्नात मिसळून दिल्यावर एक टक्काही नाही.

प्रत्यक्षातल्या घटना काय सांगतात? अमेरिकेतल्या एका प्लेटिंग कारखान्यात पिण्याच्या पाण्यात निकेल सल्फेट आणि क्लोराइड मिसळले गेले. लिटरमध्ये १.६३ ग्रॅम निकेल असलेले ते पाणी ३२ कामगार प्यायले. त्यांतल्या वीस जणांना लवकरच मळमळ, उलट्या, जुलाब, डोकेदुखी, दम लागणे असा त्रास सुरू झाला. त्यांच्या पोटात अर्धा ते अडीच ग्रॅम निकेल गेला असावा, असा अंदाज आहे. दहा जणांना सलाइन लावावे लागले, पण सगळे बरे झाले. सुंडरमन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या घटनेची नोंद प्रसिद्ध केली.

दुसरी नोंद १९८३ ची, आणि तिचा शेवट वेगळा आहे. अडीच वर्षांच्या एका मुलीने निकेल सल्फेटचे सुमारे १५ ग्रॅम खडे गिळले. काही तासांत तिचे हृदय बंद पडले. निकेलचा आयन पेशींमध्ये कॅल्शियमच्या वाटा अडवतो, आणि हृदयाच्या स्नायूचे ठोके कॅल्शियमवरच चालतात.

पंधरा ग्रॅम म्हणजे चहाचे तीनेक चमचे. रंगीत, चमकदार खडे. वर्ग ४, उद्गारचिन्ह, ‘वॉर्निंग’. चौथा वर्ग म्हणजे किरकोळ, असे कुणाला वाटत असेल तर ही नोंद त्याने पुन्हा वाचावी.

नाकाची वाट वेगळी

आतापर्यंत सगळे पोटाबद्दल झाले. तोच पदार्थ श्वासावाटे गेला की हिशोब नव्याने मांडावा लागतो. इथे एकक आहे एलसी-५०: चार तास श्वासात घेतल्यावर निम्मे प्राणी मारणारे, हवेच्या लिटरमागचे प्रमाण. धुळीसाठी रेघा ०.०५, ०.५, १ आणि ५ मिलिग्रॅमवर आहेत.

निकेल सबसल्फाइड तोंडावाटे मोजपट्टीच्या बाहेर होते हे वर आलेच. श्वासावाटे त्याचा आकडा लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या किंचित वर येतो. वर्ग ४, आणि वर्ग ३ ची रेघ हाकेच्या अंतरावर. फुप्फुसात जठराचे आम्ल नसते. पण तिथे रुतून बसलेला बारीक कण दिवसेंदिवस जागेवर राहतो, हळूहळू निकेल सोडतो आणि आजूबाजूचे ऊतक सुजवतो.

म्हणून श्वासाच्या चाचणीत कणाचा आकार कळीचा असतो. चाचणीसाठी पूड एक ते चार मायक्रॉनपर्यंत बारीक करतात, म्हणजे ती खोल फुप्फुसात पोचते. बाजारात येणारा माल बहुधा यापेक्षा खूप जाडा. मग लेबल चाचणीतल्या बारीक पुडीचे लावायचे की पोत्यातल्या जाड दाण्यांचे? कायदा सांगतो, माल ज्या रूपात विकला आणि वापरला जातो ते रूप बघा. पण ‘वापरला जातो’ यात दळणे, घासणे, फवारणे हे सगळे आले.

त्याचे उदाहरण १९९४ मध्ये नोंदले गेले. विजेच्या कमानीने निकेल वितळवून त्याचा फवारा मारणारा एक कामगार नव्वद मिनिटे त्या धुरळ्यात होता. कण दीड मायक्रॉनहूनही बारीक. तेराव्या दिवशी फुप्फुसे निकामी होऊन तो गेला. हा साधा निकेल धातू होता, पोटात गेला तर किलोमागे नऊ ग्रॅमनेही उंदीर न मरणारा.

आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर निकेल कार्बोनिल. लुडविग मॉन्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये हे संयुग जगासमोर आणले. कार्बन मोनॉक्साइड वायू गरम निकेलवरून, साधारण ५० ते ६० अंशांना जाऊ दिला की धातू चक्क वायूबरोबर उडून जातो. आणखी तापवले की शुद्ध निकेल मागे उरतो. या युक्तीवर १९०२ मध्ये वेल्समधल्या क्लायडाख इथे शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. हा द्रव ४३ अंशांना उकळतो, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी उघड्या भांड्यातून आपोआप वाफ होऊन जाईल. अमेरिकेत कामाच्या जागी त्याची मर्यादा हवेच्या अब्ज भागांत एक भाग इतकी कमी ठेवली आहे.

याची खोड अशी की पहिला त्रास फसवा असतो. डोके दुखते, मळमळते, मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते, माणूस घरी जातो. मग बारा ते छत्तीस तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, छाती भरून येते, श्वास लागतो आणि फुप्फुसात पाणी साचते. १९५३ मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात शंभराहून अधिक कामगार याच्या तडाख्यात सापडले आणि दोघे मरण पावले. तिथे कुणी निकेल कार्बोनिल आणून ठेवले नव्हते. निकेलचा उत्प्रेरक आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र आले आणि ते जागेवरच तयार झाले. युरोपच्या यादीत याला श्वासावाटे वर्ग २ आहे: कवटी, ‘डेंजर’ आणि ‘श्वासावाटे गेल्यास प्राणघातक’ हे वाक्य.

टाकीतल्या मिश्रणाचा हिशोब

कारखान्यात शुद्ध रसायन क्वचितच असते, असते ते मिश्रण. प्लेटिंगवाल्यांच्या रोजच्या ओळखीचे म्हणजे वॉट्स द्रावण. ऑलिव्हर वॉट्सने १९१६ मध्ये सुचवलेले हे मिश्रण आजही निकेल प्लेटिंगचा कणा आहे. लिटरमागे साधारण ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ६० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि थोडे बोरिक ॲसिड. याला उंदरांची चाचणी लागत नाही, गणित पुरते.

नियम असा: प्रत्येक विषारी घटकाच्या टक्केवारीला त्याच्या एलडी-५० ने भागा, उत्तरांची बेरीज करा आणि १०० ला त्या बेरजेने भागा. समजा, टाकीतल्या एका लिटरचे वजन बाराशे ग्रॅम आहे. मग सल्फेट २५ टक्के, क्लोराइड ५ टक्के. पंचवीस भागिले ३६२ म्हणजे ०.०६९. पाच भागिले ५०० म्हणजे ०.०१. बेरीज ०.०७९. शंभर भागिले ०.०७९ म्हणजे सुमारे १२६५. आकडा ३०० आणि २००० च्या मध्ये पडला, म्हणून टाकीतले द्रावण वर्ग ४.

घटकाचा मोजलेला एलडी-५० हाताशी नसेल आणि फक्त वर्ग ठाऊक असेल, तर वर्ग ४ साठी ५०० आणि वर्ग ३ साठी १०० असे ठरावीक आकडे धरतात. युरोपच्या यादीत सल्फेट वर्ग ४ मध्ये आहे, क्लोराइड वर्ग ३ मध्ये. त्या हिशोबाने उत्तर १००० येते. वर्ग पुन्हा ४ च. इथे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. प्रमाण बदलले तर पोचतीलच असे नाही.

तारांकन आणि त्याचा अर्थ

युरोपची यादी पाहताना निकेल सल्फेटच्या ‘वर्ग ४’ शेजारी, क्लोराइडच्या ‘वर्ग ३’ शेजारी एक छोटा तारा दिसतो. बरेच जण तो छपाईतली टिकली समजून पुढे जातात. त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. हे वर्ग नव्या चाचणीवरून आलेले नाहीत, १९६७ च्या जुन्या निर्देशातून भाषांतर होऊन आले आहेत. जुन्या पद्धतीत तोंडावाटे २०० ते २००० मिलिग्रॅमचा एक ‘अपायकारक’ वर्ग होता. नव्या पद्धतीत रेघ ३०० वर. म्हणजे २५० आकडा असलेला पदार्थ जुन्या पद्धतीत अपायकारक आणि नव्या पद्धतीत थेट कवटीवाला. म्हणून तारा सांगतो: हा वर्ग किमान आहे. तुमच्याकडे कडक वर्गाचा पुरावा असेल तर कडक वर्गच लावा.

भारतात १९८९ चे धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम आहेत. त्यांच्या निकषांत तोंडावाटे ‘विषारी’ ठरण्याची वरची रेघ २०० मिलिग्रॅमवर आहे. ३६० आकडा असलेले सल्फेट फक्त या रेघेवर तपासले तर बाहेर पडते. म्हणून परदेशातून आलेल्या पिंपावरचे आणि इथल्या गोणीवरचे शब्द वेगळे दिसू शकतात. माल तोच असतो, मोजपट्टी वेगळी असते.

आता पुन्हा निकेल ऑक्साइडकडे बघू. तीव्र विषाक्ततेच्या रकान्यात त्याच्या नावापुढे काहीच नाही. तरीही युरोपात त्याच्या पिंपावर ‘डेंजर’ हाच शब्द असतो, सोबत छातीवर फुटलेल्या ताऱ्यासारखी खूण असलेली मानवी आकृती. कारण श्वासावाटे कर्करोग होण्याच्या बाबतीत ते पहिल्या वर्गात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच निकेलच्या संयुगांना माणसात निश्चित कर्करोगकारक ठरवले. शिवाय त्वचेची ॲलर्जी वेगळी, ती तर घड्याळाच्या पट्ट्यातल्या किंवा कानातल्यातल्या निकेलनेही होते. तीव्र विषाक्ततेचा रकाना कोरा म्हणजे माल निर्धोक, हा समज जितका सोयीचा तितकाच चुकीचा.

तर निकेल विषारी आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. संयुग कोणते, खडे की निर्जल, पोटातून की श्वासातून, दाणा की धूळ, एकदाच की रोज, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. त्यातल्या दुसऱ्या भागात वर्गीकरण असते आणि अकराव्या भागात विषाक्ततेचे आकडे. आकडा कोणत्या रूपाचा आहे ते तपासा. प्लेटिंगच्या शेडमध्ये पिण्याचे पाणी आणि डबा टाकीपासून लांब ठेवा, पुडीचे पोते उघडताना योग्य मास्क लावा, खडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि निकेल कार्बोनिलचा नुसता संशय असला तरी, माणूस कितीही ठणठणीत दिसो, त्याला घरी न पाठवता थेट रुग्णालयात दाखल करा.